भाच्याचा फॉर्म: माझे २६, दाजींचे १७

उंबरठा (धागालेखक)

दिवाळीला ताई, दाजी आणि भाचा मिरजेला आले होते. भाचा मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला प्रोजेक्टसाठी फॉर्म भरून घ्यायचे होते, त्यामुळे फराळाच्या ताटाबरोबर प्रत्येकाच्या हातात एक कागद आला. कागदावर पाच वाक्यं. माझं आयुष्य बऱ्याच अंशी मला हवं तसं आहे, माझी परिस्थिती उत्तम आहे, अशा धर्तीची. प्रत्येकापुढे १ ते ७ मधला आकडा टाकायचा, अजिबात पटत नसेल तर १, पूर्ण पटत असेल तर ७. एड डीनर आणि मंडळींनी १९८५ साली काढलेली ही पट्टी म्हणे जगभर वापरतात. बेरीज कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३५. २० म्हणजे ना धड इकडे, ना धड तिकडे.

माझी बेरीज २६ आली. दाजींची १७.

दाजींचा पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे, रविवारी सिंहगड चढतात, पन्नाशीतही गुडघे शाबूत. मी सत्तावीस वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलो, मणक्यात डी-१२ ला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. लघवी नळीनं काढावी लागते, दिवसातून पाच वेळा, घड्याळ लावून. रात्री उठून कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर ठरलेला. हे सगळं दाजींनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं ते आधी हसले आणि मग म्हणाले, "उलटं वाचलंस तू. ७ म्हणजे वाईट असं समजलास." भाचा पेन पुढं करून म्हणाला, "मामा, बदलायचंय का काही?" आई देवघराकडं बघून हात जोडून मोकळी झाली. ताईनं फॉर्म हातातच घेतला नाही. तिच्या चकल्या तळायच्या राहिल्या होत्या.

मी काही बदललं नाही. पण हे २६ आले कुठून, ते डोक्यातून जाईना.

मला सापडलेलं एक उत्तर उताराचं आहे. अपघातानंतरची पहिली चार वर्षं मी घरात काढली, म्हणजे अगदी घराच्या आत. आमच्या दाराला दोन पायऱ्या, मिळून १४ इंच. चाकांची खुर्ची खाली उतरवायला दोन माणसं लागायची, एक धाकटा भाऊ आणि एक शेजारचा. दोघं एकाच वेळी घरात, दोघांचा मूड बरा, दोघांच्या कमरा बऱ्या, असा योग आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा आणि तो दवाखान्याच्या फेरीत संपायचा. बाहेर जावंसं वाटतंय हे मी हळूहळू बोलायचं सोडलं. पुढं पुढं वाटायचंही बंद झालं.

मग उतार करायचं ठरलं. गवंड्यानं तो पाच फुटांत उरकला. त्यावरून खुर्ची सोडली असती तर मी थेट समोरच्या गटारात गेलो असतो. हिशेब असा असतो की एक इंच उंचीला बारा इंच लांबी. १४ इंचांना १४ फूट. आमचं अंगण ९ फुटांचं. गवंडी म्हणाला, "मालक, एवढ्या जागेत तुमची न्हाणी होईल की." शेवटी तुळशीला वळसा घालून उतार काटकोनात वळवला, वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा सोडली आणि वरून खरखरीत कोबा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला कुणाला न सांगता बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्यानं पैसे मागितले, मी दिले. त्याआधी चार वर्षं माझ्याकडून कुणीच कशाचे पैसे घेतले नव्हते. घरी आलो तर आई रडतीय, भाऊ दोन चौक हिंडून आलेला. भरपूर शिव्या खाल्ल्या. शिव्या खातानासुद्धा मजा वाटत होती.

त्या उताराच्या आदल्या दिवशी कुणी फॉर्म दिला असता तर मी जेमतेम ९ भरले असते. पाय तेव्हाही हेच होते.

आता मी सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांची जवारी काढतो. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीनं घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवत बसायचं, आवाज उघडेपर्यंत. काम बसूनच करायचं असतं, तिथं सगळेच बसलेले. जवारी लागली की गिऱ्हाईक माझ्याकडं बघत नाही, तंबोऱ्याकडं बघतं.

तर तुमचा आकडा कशानं हलतो? अपंगत्व असलेले, नसलेले, दोन्ही लिहा. 'प्रेरणादायी' हा शब्द कुणी वापरला तर धागा उडवायला सांगेन.


पिठलंभाकर

मी भरला. १९. कारण एकच आहे, ते सध्या आतल्या खोलीत मालिका बघतंय. नंतर सविस्तर लिहिते.


निवांत_नाना

सुंदर लेखन. शेवटी समाधान मानण्यावर असतं. देव एक काढून घेतो तेव्हा दुसरं काहीतरी भरभरून देतो, हे दिव्यांग बंधू-भगिनींकडे बघून पटतं.


मोगरी

नाना, मला नऊ महिन्यांची असताना पोलिओ झाला. उजवा पाय गेला. भरभरून काय मिळालं याची मी पन्नास वर्षं वाट बघतेय. शाळेत बाईंनी गळा असेल म्हणून समूहगीतात उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं. मी बेसूर आहे. चित्रकलेत सी ग्रेड. स्वयंपाक बरा करते, पण तो माझ्या दोन्ही पायांच्या वहिनीलाही येतो.

उंबरठा, माझे २४. पण मला एक फरक नोंदवायचाय. तुम्ही २४ व्या-२५ व्या वर्षी पडलात असं धरते. तुमच्याकडे 'आधी' आहे. माझ्याकडे नाही. मी कधी धावलेच नाही, त्यामुळे धावणं ही माझ्यासाठी गेलेली वस्तू नाही, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू आहे, उंटाच्या कुबडासारखी. लोक मला सांत्वन करायला येतात तेव्हा ते माझ्या जागी स्वतःला बसवून बघतात आणि त्यांना पाय गेल्याचं दुःख होतं. मला ते होत नाही, मला पुढच्या पायरीला कठडा नसल्याचं होतं.

आणि माझे ३५ पैकी ३५ का नाहीत, तेही लिहिते. मला दाखवायला आणलेला एकही मुलगा नव्हता. एकही. धाकट्या बहिणीला बघायला आले की मला मागच्या खोलीत कुलूप नसलेल्या कुलपात ठेवायचे, बाहेर यायचं नाही एवढंच. यात पायाचा काय दोष सांगा.


तर्कटशास्त्री

चांगला धागा. पण 'माणूस सगळ्याला सरावतो' या दिशेनं गाडी जायच्या आत थोडा आडवा येतो.

'लॉटरी लागलेले आणि अपघातात पांगळे झालेले वर्षभरात सारखेच सुखी होतात' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. त्याचं मूळ १९७८ चा अमेरिकन अभ्यास, ब्रिकमन आणि दोन सहकाऱ्यांचा. त्यात २२ लॉटरीवाले, २९ अपघातग्रस्त आणि तुलनेला २२ साधी माणसं होती. पाचपैकी सुखाचे गुण: लॉटरीवाले ४.००, साधी माणसं ३.८२, अपघातग्रस्त २.९६. हे सारखे आहेत का? नाहीत. लॉटरीवाले साध्या माणसांच्या फारसे वर नव्हते, हे खरं. अपघातग्रस्त लोकांना वाटतं तितके खाली नव्हते, हेही खरं. 'सारखे' हे मागाहून कुणीतरी जोडलं. शिवाय एकूण माणसं किती, ७३. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या कमिटीत याहून जास्त आहेत.

आता जड पुरावा. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये त्याच त्याच हजारो माणसांना दरवर्षी समाधान विचारतात. २००७ मध्ये रिचर्ड लुकास यांनी त्यातली अपंगत्व आलेली माणसं वेगळी काढली. समाधान घसरतं आणि पुढची कित्येक वर्षं पूर्वपदावर येत नाही, असं निघालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्याच आकड्यांवर ऑसवाल्ड आणि पौडथवी म्हणाले, थोडंफार भरून येतं, पूर्ण नाही.

दुसऱ्या बाजूला १९९९ चा अल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर यांचा अभ्यास. मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या १५३ जणांशी सविस्तर बोलले. ५४.३ टक्के म्हणाले, आमचं जगणं चांगलं किंवा उत्तम चाललंय. बाहेरचे म्हणतात हे शक्यच नाही, म्हणून त्याला 'अपंगत्वाचा विरोधाभास' नाव पडलं. पण उरलेले जवळजवळ निम्मे विसरू नका. ते वेदना आणि थकवा यांबद्दल बोलत होते, शरीर हाताबाहेर गेल्याबद्दल बोलत होते.

त्यामुळे उंबरठा, तुमचे २६ खरे आहेत. पण तुमच्यासारख्याच इजेचा, वेदना असलेला, कमाई नसलेला माणूस या संस्थळावर येऊन धागा काढत नाही.


उंबरठा

मान्य. मला वेदना फारशा नाहीत. माझ्याबरोबर वॉर्डात असलेल्या एकाला पायांत सतत आग व्हायची, जिथं काही कळत नाही त्याच पायांत. त्याला उतार बांधून दिला असता तर त्यानं त्या आगीसकट उतरायचं, एवढंच. तो चार वर्षांनी गेला. त्याला फॉर्म दिला असता तर काय भरलं असतं हे मला माहीत आहे.


कंपाउंडर

खरा कंपाउंडर नाही, डॉक्टर आहे, तातडीच्या विभागात चौदा वर्षं काढली.

१९९४ मध्ये अमेरिकेत तातडीच्या विभागातल्या डॉक्टर-नर्सना विचारलं होतं, मणक्याची मोठी इजा होऊन तुम्ही वाचलात तर जिवंत असल्याचा आनंद होईल का? 'हो' म्हणणारे १८ टक्के. प्रत्यक्ष तशी इजा होऊन जगणाऱ्यांना विचारलं तर ९२ टक्के. आता हे जुनं झालं असं म्हणाल, तर २०२१ चा अभ्यास आहे, तिथल्याच ७१४ डॉक्टरांचा. त्यातले ८२.४ टक्के म्हणाले की मोठं अपंगत्व असलेल्यांचं जगणं इतरांपेक्षा कमी प्रतीचं असतं.

मी त्या ८२ मध्ये होतो. ट्रॅक्टरवरून पडलेला चोवीस-पंचवीसचा मुलगा आला होता. एमआरआय बघून मी त्याच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "आता आयुष्यभर असंच." खोटं नव्हतं. पण 'असंच' म्हणजे काय ते मी सांगितलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. त्याच्यासारखी माणसं मी फक्त पहिल्या दोन दिवसांत बघितली होती. सहाव्या वर्षी कशी दिसतात ते माझ्या विभागात येत नाही. वडील तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. पुढं कळलं, त्यांनी त्याला पुनर्वसनाला नेलंच नाही. कशाला न्यायचं, डॉक्टरनीच सांगितलंय, म्हणाले.

माझा आकडा विचारू नका.


ईएमआय_२०४१

मला दाजींची बाजू घ्यायची आहे. कुणी घेतच नाहीये.

माझे १५. दोन पाय, दोन हात, चष्मासुद्धा नाही. सकाळी साडेसातला ते दोन्ही पाय कंपनीच्या बसकडे जातात. रोज तिकडेच जातात, त्यांना दुसरीकडे कुठं जाता येतं हे मला आठवत नाही. बसमध्ये सव्वा तास, संध्याकाळी पावणेदोन. खिडकीतून पुढच्या टॉवरची जाहिरात दिसते, आमच्या टॉवरपेक्षा चार लाखांनी स्वस्त. घर घेतलं तेव्हा महिनाभर फार बरं वाटलं होतं, मग वरच्या मजल्यावरच्यानं मॉड्युलर किचन केलं.

उंबरठांचं वाचून मला त्यांच्या खुर्चीचा नाही, टपरीचा हेवा वाटला. आणि असा हेवा वाटतोय हे लिहिताना आपण किती हलकट आहोत असंही वाटलं. दाजींना तेच झालं असणार. 'उलटं वाचलंस' त्यातूनच आलं.


मोगरी

ईएमआय, हलकट नाही, प्रामाणिक म्हणू. पण तुमच्या या वाक्यात एक गडबड होऊ शकते, ती आत्ताच सांगते. 'बघा, त्याच्याकडे पाय नसून तो सुखी, मग मी का रडतोय' असं स्वतःला सांगून उद्या बसमध्ये बसलात तर मी तुमच्या कामाला लागले. मी कुणाच्या १५ चे १८ करायला जन्मले नाही.


निवांत_नाना

माझ्या आधीच्या प्रतिसादाने कुणी दुखावलं असल्यास क्षमस्व. दिव्यांग हा शब्द मी आदरानेच वापरला होता.


टॉकबॅक

शब्दाचं म्हणाल तर डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सुचवल्यापासून मी दिव्यांग आहे, त्याआधी अंध होतो. दिसणं तेवढंच राहिलं. (नाना, राग नाही. गंमत केली.)

मी मुंबईत बँकेत आहे, जन्मापासून दिसत नाही. फोन मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यावरच हा धागा ऐकतोय. ईएमआयचा प्रतिसाद आमच्या फोनमधल्या बाईनं फारच कोरड्या आवाजात वाचला, त्यामुळे जास्त विनोदी झाला.

माझा आकडा हलवणाऱ्या गोष्टी फार लहान आहेत. स्टेशनवर आमचा डबा जिथं येतो तिथं फलाटावर टी-टी-टी असा आवाज करणारं यंत्र लावलंय. ते चालू असेल तर मी दहा वर्षं त्याच लोकलनं जाणारा माणूस असतो. ते बंद असेल तर मी 'जरा सांगता का' असतो. एका दिवसात मी दोन वेगळी माणसं होतो आणि त्यात माझ्या डोळ्यांचा काही हात नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. आधी एटीएमला कुणाला तरी बरोबर न्यावं लागायचं, म्हणजे माझा पगार आमच्या चाळीतल्या अर्ध्या लोकांना तोंडपाठ. मग बोलणारं एटीएम आलं. कानात हेडफोन घातला आणि माझ्या खात्यातली शिल्लक पहिल्यांदा एकट्या मला कळली. तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो. रक्कम फार नव्हती, पण ती गुपित होती. लग्न झालेल्या लोकांना ही चैन कळणार नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सरकारला बजावलं की सुगम्यतेचे निकष शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाही, किमान काही तरी सक्तीचे करा. याचिका २००५ ची. एकोणीस वर्षं.


आडवाटेने

सगळे हसताहेत म्हणून जरा वेळ लिहू का नको असं झालं.

बाबांना ६१ व्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू आणि वाचा. हायस्कूलला मराठी शिकवायचे, अकरा वर्षं एकच शब्द राहिला होता, "नको". पाणी हवं असलं तरी नको, खिडकी उघडायची असली तरी नको. स्वरावरून ओळखायचो. उतार होता. खुर्ची होती. पेन्शन होती, पैशाची ददात नव्हती. आई सावलीसारखी. बागेत नेलं तर डोळे मिटून घ्यायचे, कारण तिथं त्यांचे माजी विद्यार्थी भेटायचे आणि मोठ्यानं बोलायचे, बहिऱ्याशी बोलतात तसं.

ते सरावले नाहीत. अकरा वर्षांत नाही. ज्यांना १ ते ७ मध्ये बोट दाखवता येत नाही त्यांचा फॉर्म कोण भरतं? भाच्याच्या प्रोजेक्टात माझे बाबा कुठल्या रकान्यात बसले असते?


तर्कटशास्त्री

आडवाटेने, कुठल्याच नाही. हा या सगळ्या आकड्यांतला मोठा खड्डा आहे. पूर्ण शरीर निकामी होऊन फक्त डोळ्यांची हालचाल उरलेल्या लोकांचा २०११ चा अभ्यास आहे. मजकूर डोळ्यांच्या खुणेनं सांगितला, कुणीतरी लिहून घेतला. पूर्ण उत्तरं दिलेल्या ६५ जणांत ४७ जणांनी स्वतःला सुखी म्हटलं, १८ जणांनी दुःखी. ऐकून थक्क व्हायला होतं. पण त्यांची भाषा शाबूत होती आणि ज्यांनी उत्तरच पाठवलं नाही ते यात नाहीत. तुमच्या बाबांची भाषाच गेली होती, आणि भाषा हाच त्यांचा व्यवसाय होता. हे दोन वेगळे तोटे एका नावाखाली मोजतात.


ट्रामवाली

जर्मनीतून, श्टुटगार्ट. वर ज्या जर्मन पाहणीचा उल्लेख आलाय ती १९८४ पासून चालू आहे, आमच्या शेजारच्या आजी त्यात कित्येक वर्षं उत्तरं देताहेत.

इथं ज्या सोयींची आपण स्वप्नं बघतो त्या बऱ्याच आहेत. फलाट आणि ट्रामची जमीन एका पातळीत. २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्यायच्या, नाहीतर दंडवजा रक्कम भरायची. माझ्या टीममध्ये व्हीलचेअरवरचा एकजण आहे, त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. हे किती आरामाचं आहे ते मिरजेला कळेल.

पण तोच मला म्हणाला की रविवारी त्याच्या दाराची बेल वाजत नाही. वीस वर्षांत शेजाऱ्यानं साखर मागितलेली नाही. उंबरठांची खुर्ची उचलायला शेजारचा यायचा हे मी त्याला सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, "फुकट?" मी म्हटलं, फुकट, पण मूड असेल तेव्हा. त्याला यातलं काय घ्यावं ते ठरवता येईना. म्हणाला, मला उतार पाहिजे आणि शेजारीपण पाहिजे. म्हटलं, तसा गाव अजून बांधायचाय.


मधली_सुट्टी

मुलगा १७ वर्षांचा, स्वमग्न. तो खूश असतो की नाही हे मला कळतं, तो पंख्याच्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणतो तेव्हा तो ७ असतो. प्रश्न माझा आहे.

नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली त्याचं कायदेशीर पालकत्व लागेल, १८ पूर्ण झाल्यावर. कलेक्टर कचेरीतल्या समितीसमोर अर्ज करायचा असतो. अर्जात एक रकाना आहे, पालक कोण. मी आणि नवरा, लिहिलं. खाली मनात दुसरा रकाना आपोआप तयार होतो, त्यांच्यानंतर कोण. तो छापलेला नाही. रात्री अडीचला जाग येते ती त्या रकान्यासाठी. 'माझी परिस्थिती उत्तम आहे' या वाक्यापुढे मी आजचा आकडा टाकू की २०५० चा?

उंबरठा, एक विचारू का? तुमच्या ताईंनी फॉर्म का नाही भरला? चकल्या दहा मिनिटं थांबतात.


पिठलंभाकर

मधली_सुट्टी, नेमकं हेच मी विचारणार होते. त्या चार वर्षांत रात्री कूस कोण बदलत होतं? लेखात भाऊ आहे, शेजारचा आहे, आई रडताना आहे. लघवीची नळी कोण उकळत होतं ते नाही.

(माझे १९ चे काल रात्री २१ झाले. सासूबाईंना वॉकर आणला. त्या आपल्या आपण संडासला गेल्या आणि येऊन मला म्हणाल्या, झोप तू. तीन वर्षांत पहिल्यांदा.)


तर्कटशास्त्री

अवांतर नाही म्हणून टाकतो. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १५ वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी काम करणारे किंवा काम शोधणारे फक्त २३.८ टक्के निघाले. उरलेल्या तीन-चतुर्थांश लोकांचा दिवस कुणाच्या तरी दिवसातून कापून घेतलेला असतो. समाधान मोजताना एक फॉर्म त्या कुणाच्या तरीच्या हातात द्यायला हवा.


उंबरठा

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

ताई करायची. अपघात झाला तेव्हा ती २८ ची होती, मी २४ चा. आईचे हात संधिवातानं वाकडे, वडील आधीच गेलेले, भाऊ कॉलेजला. नळी उकळणं, कूस बदलणं, जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून त्यात माझे कपडे वेगळे धुणं, सगळं तिनं केलं. तिची दोन स्थळं त्या काळात परत गेली. एकानं स्पष्ट विचारलं होतं, लग्नानंतर याचं कोण बघणार. त्याच्या पुढच्या वर्षी दाजी आले. त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, हेही लिहायला पाहिजे. उताराचे पैसे ताईच्या लग्नासाठी ठेवलेल्यातून गेले, आणि ते काढायला तिनंच सांगितलं होतं. वर मी 'उतार करायचं ठरलं' असं लिहिलंय. ठरलं म्हणे.

काल तिला फोन केला आणि धागा वाचून दाखवला. मोगरींच्या समूहगीतावर ती खूप हसली. कंपाउंडरच्या ठिकाणी गप्प झाली. मग म्हणाली, पाठव तो फॉर्म.

भाचा समोर बसून लिहून घेत होता, मी फोनवर. पहिल्या वाक्याला ५. दुसऱ्याला ५. तिसऱ्याला जरा थांबून ६. चौथ्याला ४. पाचवं वाक्य असं आहे की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही.

ताई म्हणाली, "पुन्हा म्हणजे कुठनं? याच्या अपघाताच्या आधीपासून का नंतरपासून?"

भाचा म्हणाला, "आई, तसं काही लिहिलेलं नाही."

"मग कॉलेजात विचारून ये," म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.


मधली_सुट्टी

मग? त्यानं काय लिहिलं?


उंबरठा

रकाना कोरा आहे. पाच उत्तरं नसली तर फॉर्म बाद धरतात म्हणे. त्यानं तो फायलीतून काढला नाहीये अजून.